शूटिंगवाले म्हणतात, पोरीच्या चपला काढा. काय करावं?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, आज अडले म्हणून लिहितेय. लांबेल, सांभाळून घ्या.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमच्या संस्थेचं हंगामी वसतिगृह आहे. दिवाळी झाली की इथली गावं रिकामी होतात. मुकादमाकडून (म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी ऊसतोडीला जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात, आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. पोरं सोबत नेली की शाळा बुडते, म्हणून ती आमच्याकडे. यंदा ५८ आहेत. मी तिथली समन्वयक, म्हणजे जे काम कुणाचंच नाही ते माझं.

तर झालंय असं, की एक नट (नाव लिहीत नाही, तुमच्या आईलाही माहीत असेल) आमच्यासाठी देणगीचं आवाहन करणारी फिल्म करायला तयार झालाय. एक पैसा घेणार नाही. मुंबईची एजन्सी तीन मिनिटांची फिल्म करतेय, खर्च एका बिस्किटवाल्या कंपनीचा. आमचे सर हरखले. मीही हरखले, खोटं कशाला बोलू. किराणा दुकानाचं तीन महिन्यांचं बिल थकलंय आणि दुकानदार आता माझा फोन उचलण्याऐवजी मलाच फोन करतो.

गेल्या आठवड्यात चौघं जण जागा बघायला आले. दिग्दर्शक तिशीतला, बोलायला गोड, पोरांना गोळ्या आणलेल्या. चौथीतल्या एका पोरीला त्यांनी टेस्ट शॉटसाठी निवडलं. तिच्या चपला सांगते. गुलाबी, पट्ट्यावर प्लास्टिकचं फूल. उचलीचे पैसे हातात आले तेव्हा आईनं बाकी काही घ्यायच्या आधी त्या घेतल्या. पोर जेवताना त्या मांडीखाली घेते, झोपताना उशाशी. एका चपलेचं फूल पडलंय, तिथं तिनं लाल लोकर गुंडाळलीय.

अंगणात उभं केलं. "चपला काढ बाळा, बाजूला ठेव." तिनं काढल्या आणि हातात धरल्या. "हातात पण नको." तिनं पाठीमागं धरल्या. मग स्वेटर काढायला लावला, कारण त्यावर कार्टून होतं. मग कॅमेऱ्यामागून प्रश्न.

"आईची आठवण येते?"

"येते."

"मग रडू येतं?"

"न्हाई."

"कधीच नाही?"

ती माझ्याकडं बघायला लागली, शाळेत उत्तर चुकल्यावर बघतात तशी. तीन-चारदा तेच विचारल्यावर रडली. "मिळालं," कॅमेऱ्यावरचा म्हणाला.

मी काय करत होते विचाराल, तर पाणी आणायला गेले होते. त्या चौघांसाठी.

स्क्रिप्ट तीन पानांची आहे. नट गाडीतून उतरतो, धुरळा उडतो, अनवाणी पोर धावत येते, तो उचलून घेतो. मग तो म्हणतो की हिला आपल्याशिवाय कुणी नाही. तिन्ही पानं मी दोनदा वाचली. त्यात ऊस हा शब्दच नाही! कारखाना नाही, मुकादम नाही, आईबाप तर नाहीतच. पोरं जणू डोंगरातून उगवलीत.

सर म्हणतात, "दोन मिनिटं चपला काढल्या तर काय बिघडतं? वर्षभराचं धान्य येतंय." मला उत्तर सुचलं नाही. शूटिंग पंधरा दिवसांवर आहे. अशा प्रकाराला कुणी तोंड दिलंय का? अटी घालता येतात का? का माझंच डोकं फिरलंय?

उडपीतला_चहा

दुभत्या गाईच्या लाथा गोड. पैसे घ्या, चपला परत घाला. विषय संपला.

लीड्सचा_नाना

मांजराकाठ, डोकं जागेवर आहे तुमचं. मी इंग्लंडात बावीस वर्षं आहे, आणि हा खेळ जिथं मोठा झाला ते मैदान इथलंच.

ऑक्टोबर १९८४ मध्ये बीबीसीवर इथिओपियातल्या कोरेमच्या छावणीचं वार्तांकन आलं. वार्ताहर मायकल बर्क, कॅमेऱ्यामागं केनियाचा मोहम्मद अमीन. ते पाहून गायक बॉब गेल्डॉफ हलला. त्यानं आणि मिज यूर या दुसऱ्या गायकानं 'डू दे नो इट्स ख्रिसमस?' हे गाणं लिहिलं, त्या वेळचे बडे गायक २५ नोव्हेंबरला एका स्टुडिओत जमवले आणि ते ध्वनिमुद्रित केलं. पुढच्या जुलैत लाइव्ह एड ही मदतीसाठीची मोठी मैफल झाली. पैसा प्रचंड जमला, त्यानं माणसं जगली, हे आधी मान्य करतो. नाहीतर आपण खुर्चीत बसून नाकं मुरडतोय असं होईल.

पण त्या गाण्याचं शीर्षकच बघा. तिथल्या लोकांना नाताळ आलाय हे ठाऊक तरी आहे का, असा प्रश्न. अहो, इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून आहे! इंग्लंडात तो नीट रुजायच्या कितीतरी आधी. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला असतो, एवढंच. गाण्यात पुढं तिथं नद्या वाहत नाहीत असंही म्हटलंय, आणि निळी नाईल निघते ती इथिओपियातल्या ताना सरोवरातून.

हे चुटके म्हणून सोडून देता येईल. पुढचं सोडता येत नाही. तो दुष्काळ नुसता पावसाचा नव्हता. मेंगिस्तूची लष्करी राजवट टिग्रे आणि एरिट्रियातल्या बंडखोरांशी लढत होती, आणि बंडखोरांच्या भागात अन्न पोचू न देणं हा त्या लढाईचाच एक भाग होता. गाण्यात ना युद्ध, ना सरकार. नुसतं भाजणारं ऊन आणि काहीच न उगवणारी जमीन. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ऊस नाही हे वाचलं आणि मला हेच आठवलं.

याचा परिणाम किती टिकतो तेही सांगतो. व्हीएसओ या इथल्या स्वयंसेवी संस्थेनं २००२ मध्ये, म्हणजे सतरा-अठरा वर्षांनी, ब्रिटिश लोकांना विकसनशील देशांबद्दल विचारलं. ८० टक्क्यांच्या डोळ्यांपुढं दुष्काळ, आपत्ती आणि पाश्चात्त्यांची मदत, हेच होतं. अहवालाचं नावच 'लाइव्ह एडचा वारसा' अशा अर्थाचं.

आमच्या घरातला अनुभव. लेक तिसरीत होती. लाल नाकं लावून मदत गोळा करायचा इथला मार्चातला दिवस असतो, रेड नोज डे, कॉमिक रिलीफ या मदतसंस्थेचा. शाळेत तेव्हा फिल्म दाखवली. दुसऱ्या दिवशी तिची मैत्रीण पिशवी घेऊन दारात. आत जुने बूट. "तुझ्या इंडियातल्या भावंडांना." पोर मनापासून घेऊन आली होती, काय बोलणार? माझ्या सख्ख्या भावाचं चिंचवडला पादत्राणांचं दुकान आहे. बूट अजून गॅरेजमध्ये पडलेत, टाकवत नाहीत.

आता इथंही वारं फिरलंय. २०१७ मध्ये गायक एड शीरन कॉमिक रिलीफसाठी लायबेरियात गेला, रस्त्यावर राहणारी मुलं भेटली, तर कॅमेऱ्यापुढंच त्यांच्या हॉटेलचा खर्च द्यायला निघाला. नॉर्वेतली विद्यार्थ्यांची एक संस्था तेव्हा सर्वांत वाईट आवाहन-फिल्मला 'गंजका रेडिएटर' नावाचं बक्षीस द्यायची, ते त्या फिल्मला मिळालं. याच मंडळींनी २०१२ मध्ये एक झकास विडंबन केलं होतं. थंडीनं काकडणाऱ्या नॉर्वेजियन लोकांची दया येऊन आफ्रिकेतले गायक त्यांना रेडिएटर पाठवायचं आवाहन करतात. शोधून बघाच. २०१९ मध्ये कॉमिक रिलीफसाठीच गेलेली टीव्हीवरची स्टेसी डूली युगांडातल्या एका लहानग्याला कडेवर घेतलेला फोटो टाकून मोकळी झाली, तेव्हा खासदार डेव्हिड लॅमीनं जाहीरपणे फटकारलं, की जगाला आणखी गोरे तारणहार नकोत. मोठा गदारोळ. त्या वर्षी कार्यक्रमाच्या रात्री सुमारे ६ कोटी ३० लाख पौंड जमले, आधीच्या खेपेपेक्षा ८० लाखांनी कमी. कमी होण्याचं कारण तेवढंच होतं असं मी म्हणत नाही. पण २०२० मध्ये कॉमिक रिलीफनं सेलिब्रिटींना आफ्रिकेत धाडणं थांबवलं आणि तिथल्याच लोकांकडून फिल्म करून घ्यायचं ठरवलं.

तुमच्या सरांना एवढं विचारा, की पोरीचा बाप ही फिल्म बघेल तेव्हा त्याला काय सांगणार?

हिशोबनीस

नानांचं सगळं बरोबर, पण नाना देणगी मागायला दारोदार गेलेले नाहीत. मी गेलोय. पुण्यात अकरा वर्षं संस्थांसाठी निधी उभारतो.

चपला का काढतात? कारण चालतं. २००७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला, आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो. लोकांच्या हातात पाच-पाच डॉलर होते. काहींना आफ्रिकेतल्या माली देशातल्या सात वर्षांच्या रोकिया नावाच्या मुलीची गोष्ट दिली, काहींना लाखो भुकेल्यांची आकडेवारी. रोकियाला सरासरी २.३८ डॉलर मिळाले, आकडेवारीला १.१४. गंमत पुढं आहे. रोकिया आणि आकडेवारी एकत्र दिली तर १.४३ वर आले. म्हणजे "असं का होतं" हे समजावायला गेलात की खिसा आवळतो. तुमच्या स्क्रिप्टमधून ऊस दिग्दर्शकाच्या दुष्टपणानं गळलेला नाही. कुणीतरी त्याला हेच शिकवलंय.

आता माझ्या वहीतलं. रडवून आणलेला देणगीदार एकदा देतो. पुढच्या वर्षी त्याला पुन्हा रडवावं लागतं, आणि आधीपेक्षा जास्त. जो पोरांच्या गणिताच्या मार्कांची चौकशी करतो तो सहा-सहा वर्षं देतो. त्याची रक्कम लहान असते, किराणावाल्याला मात्र तोच पोसतो. शिवाय प्रयोगात रोकिया एक नाव, एक वय, एक चेहरा होती. अनवाणी असायलाच हवी असं त्यात कुठं आहे? तुमच्या पोरीच्या चपलेवरचा लाल लोकरीचा दोरा मी धागा वाचल्यापासून विसरलेलो नाही. त्या दिग्दर्शकाला कळत नाहीये की पदरात पडलेली सोन्यासारखी गोष्ट तो बाजूला ठेवायला सांगतोय.

आणि नट आला की रडकंच करावं लागतं हेही खरं नाही. तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण. आमिर खानच्या पानी फाउंडेशनचा वॉटर कप, म्हणजे गावागावांतली पाणी अडवायची स्पर्धा, २०१६ मध्ये सुरू झाला तेव्हा तीनच तालुके होते: वरुड, कोरेगाव आणि तुमचं अंबाजोगाई. पडद्यावर काय दिसलं? कुदळ, टोपली, चर, गावातली भांडणं, ती मिटवणारी एखादी बाई. पहिलं ५० लाखांचं बक्षीस कोरेगावातल्या वेळूला गेलं, तर गाव जिंकलं म्हणून दिसलं, वाचवलं गेलं म्हणून नाही. त्या चरांनी किती पाणी मुरलं यावर तज्ज्ञ भांडतात, भांडोत. मी फक्त कॅमेरा कुठं ठेवला होता ते सांगतोय.

वकीलीणबाई

थोडक्यात. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४: काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख माध्यमांत उघड करायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमची मुलं आईबापांची आहेत, त्यामुळं त्या व्याख्येत बसतात की नाही हे कागद बघून ठरेल. पण मजा अशी, की फिल्ममध्ये "हिला कुणी नाही" म्हणालात तर तुम्ही स्वतःच तिला त्या व्याख्येत नेऊन बसवताय. एजन्सीला हे एवढं वाक्य मेल करा, बघा कशी पळापळ होते.

संमती आईबापांची लागेल, संस्थेची चालणार नाही. ते फडात असतील तर व्हिडिओ कॉलवर घ्या, पण आधी स्क्रिप्टमधलं त्यांच्या पोरीबद्दलचं वाक्य वाचून दाखवा. शिवाय जाहिरातींच्या स्वनियमन परिषदेची, आस्कीची, धर्मादाय जाहिरातींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. लाभार्थींची, विशेषतः मुलांची, प्रतिष्ठा जाईल असं दाखवू नये हे त्यात आहे. एजन्सीला ती माहीत असतात. तुम्हाला माहीत आहेत हे त्यांना माहीत नसतं.

जुना_कोयता

ताई, मी लिहीत नसतो हितं. पण नानांनी बापाचं विचारलं म्हणून लिहितो.

मी पाचवीत व्हतो. असंच वसतिगृह, दुसरीकडचं. सिनेमातली एक बाई आली. मला तिच्या शेजारी बसवलं, तिनं खांद्यावर हात टाकला. भारी साडी व्हती, अत्तराचा वास अजून ध्यानात आहे. माझ्या डोक्याला त्या दिवशी सरांनी बचकभर तेल थापलं व्हतं, पाव्हणे येणार म्हणून. मला एकच भ्या, आपलं तेल बाईच्या साडीला लागतंय. म्हणून मान आकसून, अंग चोरून बसलो. तोच फोटो कॅलेंडरवर आला. सगळे म्हणले, किती दुःख आहे पोराच्या डोळ्यात. दुःख कशाचं, तेलाचं भ्या ते.

खाली छापलं व्हतं, "याला आता फक्त तुमचाच आधार."

ते कॅलेंडर वाटलं गावोगाव. मुकादमाच्या घरी भिंतीला लागलं. बाप हिशोबाला गेला तर मुकादम हसून म्हणला, "काय रं, तू जिता हाईस का मेलास? पोरगं तर बेवारशी झालंय तुझं." चार माणसं बसलेली. बाप काय बोलला न्हाई. महिना उलटला तसा तो कागद मुकादमाकडून मागून घेतला. ट्रंकेत आहे अजून, आईच्या लुगड्याखाली. मला हे आईनं सांगितलं, बापानं कधीच न्हाई.

त्या साली बापानं आन् आईनं एका कोयत्यावर सगळी उचल फेडली. पहाटं तीनला उठून. मी बेवारशी राहू नये म्हणून.

आता दुसरी बाजू बी ऐका. त्या कॅलेंडरचे पैसे आले. त्यातनं पत्रे बसले, दोन सर आले, मी दहावी झालो. आज एसटीत वाहक आहे, पोरं माझ्याजवळ राहतात, कुठं ठेवावी लागत न्हाईत. त्या बाईवर माझा राग न्हाई. ती मनानं आली व्हती. राग त्या खालच्या ओळीवर आहे. ती कुणी लिहिली ते मला आजून कळलं न्हाई.

चपला काढू नका ताई. आन् जमलं तर बापाला फोन लावून कॅमेऱ्यात घ्या. फडातनं बोलंल. रेंज आली तर.

उडपीतला_चहा

माझा प्रतिसाद मागे. कोयतेदादा, माफ करा.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. कोयतेदादांचं मी मोठ्यानं वाचून दाखवलं सरांना. ते बराच वेळ चष्मा पुसत होते, मग म्हणाले, "टाक मेल."

टाकला. वकीलीणबाईंचं वाक्य जसंच्या तसं. दुसऱ्याच दिवशी एजन्सीतल्या बाईंचा फोन, आवाज एकदम मऊ. मी म्हटलं, चपला राहतील, स्वेटर राहील, रडवायचं नाही, आणि ऊस हा शब्द यायला हवा. पहिल्या तिन्हीला हो म्हणाल्या. उसावर अडलं. "मॅम, प्रॉडक्टमध्ये साखर आहे ना. क्लायंट विचारेल." बिस्किटवाले! माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन दिवस घासाघीस झाली. शेवटी ऊस नटाच्या तोंडी नसावा, पोरीच्या तोंडी चालेल, असं ठरलं. हे का चालतं मला कळलं नाही, मी विचारलंही नाही.

शूटिंग परवा झालं. नट दोन तास उशिरा आला, पण आल्यावर बरा वागला. त्याला भाकरी थापायला बसवलं तर त्याची भाकरी काठवटीतच फाटली, पोरी लोळून हसल्या. ती चौथीतली म्हणाली, "पाणी जास्त झालं तुमचं." दिग्दर्शकानं तो भाग ठेवलाय म्हणे. आईबापांना व्हिडिओ कॉल लावला तेव्हा ते गाडीवर मोळ्या चढवत होते. बाप आधी हातानं केस नीट करायला लागला. आईनं पहिलं काय विचारलं असेल? "चपला हायत का गं?" पोरीनं एक पाय उचलून स्क्रीनपुढं धरला. रेंज पन्नास सेकंदं टिकली.

संमती मात्र घेतली होती आधीच, आदल्या रात्री, वाक्य वाचून दाखवून. बापानं एकच बदल सांगितला. स्क्रिप्टमध्ये 'मजूर' होतं, तो म्हणाला, 'ऊसतोड कामगार' म्हणा.

काल कच्चा कट आला. चपला आहेत, हसणं आहे, पन्नासपैकी अकरा सेकंदं बाप आहे. पण पोर नुसती दारात उभी आहे तिथं खाली सारंगी घातलीय. अशी, की बघणाऱ्याला वाटावं घरात कुणीतरी गेलंय. ती त्या वेळी जेवणाच्या घंटेची वाट बघत होती, मी तिथंच होते. सारंगी काढा म्हणून मेल केलाय. उत्तर नाही अजून. किराणावाल्याला सोमवारपर्यंत थांबायला सांगितलंय.